नराराची प्रवाळफेरी: जा, पण तिथी बघून जा

जामनगरहून द्वारकेच्या रस्त्याला लागलं की साठेक किलोमीटरवर, वाडीनारच्या जवळ, नरारा येतं. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग होडीशिवाय, आपल्या पायांनी बघता येतो. पाणी ओसरलं की किनाऱ्यापासून आत दूरवर प्रवाळाचं पठार उघडं पडतं आणि वनखात्याच्या परवानगीने, गाइड बरोबर घेऊन, त्यावर फिरता येतं. आम्ही बडोद्याला राहतो. माझं माहेर मालवण, दांडी किनारा. बाबांची सगळी हयात रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीत गेली. या थंडीत ते आमच्याकडे आले तेव्हा द्वारका-सोमनाथ ठरलं होतं, त्यात मी नरारा घातलं. परत आल्यापासून बाबा देवळांपेक्षा नराराबद्दलच जास्त बोलतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. इथे सुट्टी बघून जायचं नाही, तिथी बघून जायचं. अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी पुरतं हटतच नाही आणि बघण्यासारखं सगळं बुडालेलं राहतं. अमावास्या किंवा पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस धरा. मालवणात उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास असतो. या निमुळत्या आखातात तो पाच-सहा मीटरवर जातो. म्हणून तर एवढं मोठं पठार उघडं पडतं. आणि म्हणूनच भरती लागली की ती झपाट्याने येते. गाइड ‘चला’ म्हणाला की वळायचं, फोटोसाठी रेंगाळायचं नाही.

आमच्या गाडीवाल्या ट्रॅव्हल्सने आरामात दहाला निघायचं ठरवलं होतं. बाबांनी तिथीची पाऊणकी मांडली, म्हणजे तिथीला पाऊणने गुणून भरती कधी ते काढलं, त्यावरून सुकती (ओहोटी) धरली. आखाताच्या आत तीच वेळ जरा उशिरा येते, म्हणून मी वाडीनारचं कोष्टकही ताडून पाहिलं. अंधारात निघालो. दहाला निघालो असतो तर वाढतं पाणी बघून परत यावं लागलं असतं, आणि तशी हिरमुसलेली दोन कुटुंबं आम्हाला परतताना भेटलीच. टूर विकणाऱ्यांना ओहोटीची वेळ सांगता येत नसेल तर त्यांनी नरारा विकूच नये.

चौकीवर ओळखपत्र दाखवून प्रवेश शुल्क भरायचं, गाइडचे पैसे वेगळे. गाइड घ्याच. जुने, घट्ट बसणारे कॅनव्हासचे बूट घाला. चप्पल चिखलात राहते आणि प्रवाळाने पाय कापतो. पाणी आणि टोपी घरूनच न्या. आत सावली अशी नाहीच. आधी थोडी तिवरं, मग चिखल, मग घोट्याएवढं पाणी, मग प्रवाळ. गुडघे दुखत असतील तर विचार करून जा. बाबा काठी घेऊन चालले आणि तरी आमच्या पुढे होते.

पोवळ्यांचं रंगीबेरंगी उद्यान डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर पहिली दहा मिनिटं निराश व्हाल. आखाताचं पाणी गढूळ. इथले प्रवाळ बहुतेक गोल, बसके, दगडासारखे. करडे, हिरवट, तपकिरी. वाकून बघितलं की एकेका दगडावर इवल्या जिवांची शेकडो घरं दिसतात. एका ठिकाणी पाण्याखाली फुलांच्या गुच्छासारखं काहीतरी हलत होतं. तो गोनिओपोरा, प्रवाळाचाच एक प्रकार. त्याचे जीव दिवसाही बाहेर असतात, धक्का लागला की आत जातात. पुढे वाळूत रुतून बसलेलं, ताटाएवढं समुद्रफूल (सी ॲनिमोन, तोही प्राणीच), आणि त्याच्या काठावर काचेसारखी आरपार एक कोळंबी फिरत होती. त्या विषारी झालरीत ती बिनधास्त राहते. माझी मुलगी तिथून हलायला तयार नव्हती.

ऑक्टोपस मात्र गाइडशिवाय जन्मात दिसला नसता. आमचे गाइड स्थानिक, मासेमारीच्या घरातले. त्यांनी एका बिळाच्या तोंडाशी पडलेला खेकड्याच्या कवचांचा आणि शिंपल्यांचा ढीग दाखवला आणि सगळ्यांना चार हात मागे उभं केलं. काठी घातली नाही, दगड हलवला नाही. बऱ्याच वेळाने बिळातून एक डोळा वर आला. मग एक हात, मग सगळा देह वाहत बाहेर. खडकावर आला तेव्हा खडकासारखा खरखरीत तपकिरी, वाळूवर उतरला तेव्हा फिकट, गुळगुळीत. पुढच्या डबक्यात घुसताना पुन्हा गडद. बाबांनी म्हाकूल, म्हणजे ऑक्टोपसच्या जातकुळीतले प्राणी, आयुष्यभर हाताळले, पण जिवंत प्राणी आपल्या मर्जीने चालताना एवढा वेळ कधी बघितला नव्हता, असं ते स्वतः म्हणाले. जाळ्यात येतो तेव्हा तो घाबरलेलाच असतो.

एवढ्यात शेजारच्या गटातून आरडाओरडा झाला. त्यांच्या गाइडने एक केंड, म्हणजे अंग फुगवणारा मासा, उचलून हातावर धरला होता. मासा टम्म फुगलेला, पोरं टाळ्या पिटतायत, मोबाइल निघालेत. बाबा पुढे गेले. “हो केंड आमच्या जाळ्यांची वाट लावता, पण म्हणान त्याका असो हाल करूचो नसता,” असं मालवणीतच म्हणाले आणि मासा पाण्यात सोडायला लावला. भाषा कोणाला कळली नाही, हात कळला. खरंच सांगते, मालवणात केंडांच्या झुंडी जाळी कुरतडतात तेव्हा घराघरांत शिव्या ऐकल्यात मी. तरी हे बघवत नव्हतं. फुगणं हा माशाचा जीव वाचवायचा शेवटचा उपाय. पाण्याबाहेर तो हवा गिळतो, आणि ती बाहेर टाकणं त्याला जड जातं. दिवसभरात एकाच केंडाला चार गटांनी फुगवलं तर त्याच्या अंगात काय उरणार? आमच्या गाइडनी एकही प्राणी पाण्याबाहेर काढला नाही आणि आम्ही इतर कोणापेक्षा कमी बघितलं नाही.

ही जागा किती कष्टाने राखली गेलीय ते कळलं की हा मुद्दा मोठा वाटतो. 1980 मध्ये इथे सागरी अभयारण्य झालं, 1982 मध्ये त्यातला 162.89 चौरस किलोमीटरचा भाग राष्ट्रीय उद्यान झाला. भारतातलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. त्याआधी याच आखातातून सिमेंटसाठी प्रवाळाची वाळू उपसली जायची. 2001 पासून सगळे कठीण प्रवाळ आणि समुद्री काकडी नावाचे प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात आले. त्याच वर्षी व्हेल शार्कलाही संरक्षण मिळालं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याची मोठी शिकार व्हायची. पुढे रामकथाकार मोरारीबापूंनी ‘वहाली’ (लाडकी) म्हणत त्याला माहेरी आलेल्या लेकीचा मान दिला, आणि कोळी स्वतः जाळी कापून त्याला सोडू लागले. कापलेल्या जाळ्याची भरपाई सरकार देतं. महाराष्ट्रातही 2018 पासून संरक्षित प्राणी सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत भरपाई आहे. किनाऱ्यावर हे ज्यांना माहीत नसेल त्यांना जरूर सांगा.

पठारावर उभं राहून मान वर केली की वाडीनारची तेलजहाजं दिसतात. राष्ट्रीय उद्यान आणि कच्च्या तेलाचं बंदर एकमेकांना एवढं खेटून आहेत, हे बघून पोटात कालवतं. एका गळतीत काय होईल, हे बोलून दाखवायची गरज नाही.

बाबांनी गाइडना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: उद्यानामुळे तुमच्या लोकांना काय मिळालं? मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं, 29.12 चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती. आमच्याकडे त्याचं नाव निघालं की आजही आवाज चढतो, कारण ज्यांची पोटं त्या पाण्यावर आहेत त्यांना वाटलं की आपल्याला विचारलंच नाही. गाइडचं उत्तर सरळ होतं. हंगामात या फेऱ्यांचे पैसे घरात येतात, पावसाळ्यात काहीच नाही. मासेमारीची बंधनं त्यांनाही जाचतात. तरी बिळं, डबकी, कोण कुठे राहतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही आणि ते माहीत असण्याचे पैसे मिळतात, याचा त्यांना अभिमान होता. बाबांना ते पटलं. रापणीवाल्यांना मालवणात असं काम मान देऊन मिळालं असतं तर भांडण निम्मं झालं असतं, हे त्यांचं मत आणि माझंही.

माझ्याकडून पाचपैकी चार. आमच्या गाइडना पाचपैकी पाच. एक गुण दोन गोष्टींसाठी राखून ठेवला. एका गाइडमागे माणसं किती, याला मर्यादा हवी. आम्ही गेलो त्या दिवशी काही गट एवढे मोठे होते की मागचे लोक सरळ जिवंत प्रवाळावर पाय देत चालले होते. आणि ‘प्राणी उचलायचा नाही’ हे पैसे भरतानाच प्रत्येकाला तोंडी सांगायला हवं. तोवर तुम्हीच निघायच्या आधी गाइडला सांगा: काही उचलू नका, आम्ही वाकून बघू. त्यांना राग येत नाही. आमच्या गाइडनी तर, “बरं झालं, नाहीतर लोकच उचलायला सांगतात,” असं हिंदीत म्हणून सुटकेचा श्वास टाकला.

मुक्काम जामनगरलाच करा, आणि परतताना बूट धुवायला गाडीत पाण्याचा कॅन ठेवा.