घरचं आयपीएल मशीन की क्लिनिकमधलं लेझर?

हातापायांवरचे नको असलेले केस घालवायला दोन्ही करून झालंय. आधी दहा महिने घरचं मशीन (आयपीएल म्हणजे प्रखर प्रकाशाचे फ्लॅश मारून केस कमी करणारं), मग कॉलेज रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये सात सिटिंग. माझी धाकटी जाऊ सध्या याच पेचात आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

पायांसाठी मशीनला नावं ठेवायला जागा नाही. रात्री मुलं झोपली की पलंगावर बसून अर्ध्या-पाऊण तासात काम उरकतं. आधी रेझर फिरवायचा. वॅक्सिंग मात्र बंद, कारण मूळच उपटलं तर प्रकाशाने तापणार काय? पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी नेमाने केलं आणि पोटऱ्यांवरचे केस चांगलेच विरळ झाले.

अडलं ते हातांवर. आमची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. खुडा सुरू झाला की मी दिवसभर उन्हात, एरवीही येणंजाणं स्कूटीवर. मशीन टेकवलं की आधी त्वचेचा रंग बघतं. दंडावर पांढरा दिवा लागून फटकन फ्लॅश व्हायचा. बाहीच्या रेघेखाली दोन बोटं सरकवलं की लाल दिवा, फ्लॅश बंद. जिथले केस चारचौघांत दिसतात, नेमके तेच राहून जायचे. यात मशीनची चूक नाही. हा प्रकाश मेलॅनिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य, शोधतो, मग ते केसातलं असो की कातडीतलं. काळवंडलेल्या हातावर फ्लॅश पडला असता तर भाजून डाग उठले असते. पण तीन-तीन आठवडे पूर्ण बाह्या घालून रंग उतरायची वाट बघायची, दोनदा मशीन फिरवायचं की पुन्हा बाग. क्रम काही टिकेना, आणि वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसांवरच याचा परिणाम होत असल्याने क्रम मोडला की केलेलं वाया जातं.

क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी हात बघून एनडी-यॅग लेझर निवडलं. त्याचा प्रकाश १०६४ नॅनोमीटरचा. वरच्या थरातल्या मेलॅनिनमध्ये तो कमी शोषला जातो, म्हणून सावळ्या कातडीला जास्त सुरक्षित. उन्हाचं पथ्य तिथेही आहेच, एकदा टॅन बघून मलाही परत पाठवलं. पण सिटिंग महिना-सव्वा महिन्यातून एकदाच, तेवढं सांभाळता येतं. दुखतं मात्र मशीनपेक्षा जास्त, आणि मला खर्चही जवळजवळ दुप्पट आला. आता हात स्वच्छ आहेत. वर्षातून एखादं टच-अप लागेल असं दिसतंय.

पांढऱ्या केसांवर दोन्हींचा उपयोग नाही. हनुवटीवर हार्मोन्समुळे केस येत असतील तर आधी डॉक्टर गाठावा, चेहऱ्यावर या उपचारांनी कधीकधी केस कमी व्हायच्या ऐवजी वाढतातही.

जाऊबाई बँकेत, उन्हात फारशा नसतात. त्यांना कदाचित मशीन पुरेल. तरी मी सांगितलंय, नवं घेण्याआधी माझं कपाटातलं घेऊन जा, पोटरीवर नको, मनगटाच्या वर टेकवून बघ. लाल दिवा लागला तर पैसे क्लिनिकसाठी राखून ठेव.