सिटीलाइटच्या मच्छी मार्केटमधल्या सुरमईवाल्या मावशी, ५ पैकी ५

माटुंग्याला राहायला आल्यापासून मी मच्छी ॲपवरूनच मागवायचो. गेल्या महिन्यात सुरमई म्हणून आलेल्या तुकड्या तळल्या तर एकदम कोरड्या आणि चवीला भलत्याच, आई एक घास खाऊन म्हणाली ही इसवण नाय (आम्ही मालवणकडचे, आमच्यात सुरमईला इसवण म्हणतात). कातडी काढून पॅक झालेल्या तुकडीवरून ओळखणार तरी काय? मग त्या रविवारी आईला घेऊन थेट सिटीलाइटच्या मार्केटात.

मावशींच्या पाटीवर तीन अख्ख्या सुरमया होत्या, एक तर माझ्या हाताएवढी लांब. मी विचारलं मावशी, सुरमईच ना? त्या चिडल्या नाहीत, मासा दोन्ही हातांनी उचलून उजेडात आडवा धरला, म्हणाल्या "हे बघ दादा, पट्टे बघ." पाठ निळसर करडी, बाजू चांदीसारखी आणि तिच्यावर बारीक, नागमोडी उभे पट्टे. पण खरी खूण अंगावरच्या रेघेची, कल्ल्यापासून जवळजवळ सरळ जाते आणि पाठीवरचा दुसरा पर संपतो तिथे एकदम खाली वळते, पायरी उतरल्यासारखी. बाजूलाच एक लहान मासा होता, त्याला पट्टे नाहीत, ठिपक्यांच्या रांगा, आणि रेघ हळूहळू उतरत जाते. तोही सुरमई म्हणूनच विकतात, चव पण छान असते, पण तो अडीच फुटांच्या आसपासच थांबतो, पट्टेवाली दोन मीटरच्या वर जाते आणि ७० किलोपर्यंत भरते. नुसत्या ठिपक्यांवर जाऊ नका हां, पट्टेवालीचे पट्टे पण पोटाकडे तुटून ठिपक्यांसारखे दिसतात, म्हणून रेघ बघायचीच.

घरी येऊन अजून वाचलं तेव्हा कळलं वाहू नावाच्या माशाला पण असेच पट्टे असतात, पण त्याचं तोंड चोचीसारखं लांब आणि पाठीवरच्या पहिल्या परात २० पेक्षा जास्त काटे, सुरमईला १५ ते १८. कुप्याचं (म्हणजे टूनाचं) मांस लालसर काळपट असतं, तो तर कापल्यावरही लगेच कळतो.

मावशींनी कल्ले उघडून दाखवले, लालभडक होते, मगच कोयता लावला. तुकड्या सगळ्या एकसारख्या जाडीच्या, कातडीसकट, त्यामुळे पट्टे घरी पण दिसतात, आणि मला हेच सगळ्यात आवडलं. भाव फारसा कमी करत नाहीत, पण माझी तक्रार नाही, आईने दोन तुकड्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

रविवारी नऊच्या आत जा, नंतर मोठी सुरमई उरत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा त्या स्वतःच सांगतात की माल बर्फातला आहे. आणि डोकं मागून घ्या, आईने त्याचं तिखलं केलं होतं, आम्ही भात दोनदा लावला.