कॅरिसोकेची पायवाट : डायन फॉसी यांच्या समाधीपर्यंत

रवांडातील व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानात येणारे बहुतेक पर्यटक 1500 डॉलरचा परवाना काढून गोरिलांसोबत ठरलेला एक तास घालवतात आणि परततात. आम्ही त्याच्या दुसऱ्या दिवशी 75 डॉलर भरून गोरिलांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधिका डायन फॉसी यांच्या समाधीपर्यंतची चढण केली, आणि मला स्वतःला हा दुसरा दिवस अधिक मोलाचा वाटला.

सकाळी सात वाजता किनिगी येथील कार्यालयात नोंद होते, तेथून गाडीने पायथा गाठावा लागतो आणि मग दीड-दोन तासांची चढण सुरू होते. चिखलात पाय घोट्यापर्यंत रुततो आणि दोन्ही बाजूंची खाजरी झुडपे पातळ कापडातूनही डसतात. जाड हातमोजे आणावेत, एवढी साधी सूचनाही आमच्या सहल कंपनीने दिली नव्हती; मी हात खाजवतच वर पोहोचलो. सामान उचलणारा स्थानिक सोबती मात्र अवश्य घ्यावा, कारण उतरताना त्याच्या हाताचा आधार काठीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

सुमारे 3000 मीटर उंचीवर, कारिसिम्बी आणि विसोके या दोन ज्वालामुखींच्या मधल्या खिंडीत, फॉसी यांनी 24 सप्टेंबर 1967 रोजी तंबू ठोकले आणि दोन्ही पर्वतांची नावे जोडून तळाला ‘कॅरिसोके’ म्हटले. त्याआधी काही महिने त्या काँगोच्या बाजूला काम करत होत्या. तेथील अशांततेमुळे त्यांना ते ठिकाण सोडावे लागले होते. प्रत्येक गोरिलाच्या नाकावरील सुरकुत्यांचे रेखाटन करून त्या तो ओळखत, आणि त्याने बुजू नये म्हणून त्याच्यासारखेच आवाज काढत, पाला चघळण्याचे सोंग करत, हे वाटाड्याने आम्हाला प्रत्यक्ष करून दाखवले.

वर पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही, हे आधीच सांगितलेले बरे. झोपड्यांच्या जागी शेवाळलेले अवशेष आहेत. पुढे गोरिलांची दफनभूमी लागते, जिथे प्रत्येकाच्या नावाची पाटी आहे. 1977 च्या अखेरीस चोरट्या शिकाऱ्यांनी मारलेल्या ‘डिजिट’ या गोरिलाच्या शेजारीच, डिसेंबर 1985 मध्ये याच तळावर खून झालेल्या फॉसी यांना पुरलेले आहे.

ज्यांना गोरिलाच पाहायचे आहेत, त्यांनी या वाटेला जाऊ नये. येथे त्यांची गाठ पडण्याची हमी नाही. ज्यांना जायचे आहे, त्यांनी आदल्या दिवशी किनिगीतील फॉसी यांच्या नावाच्या संस्थेचे प्रदर्शन पाहून घ्यावे, म्हणजे वरचे ते शेवाळलेले अवशेष ओळखीचे वाटतील.