कॅलेंडर स्पष्ट, आई धूसर: सेकंडहँड डीएसएलआर आणि सेल्फ टायमर, अकरा महिन्यांनंतर

जूनमध्ये आईची पंचाहत्तरी झाली. लालबागच्या आमच्या जुन्या खोलीत औक्षण झालं, सगळे नटूनथटून बसलेले. मी उंबऱ्यापाशी ट्रायपॉड लावला, टायमर सुरू केला आणि धावत जाऊन आईच्या खुर्चीमागे उभा राहिलो. माझ्या कॅमेऱ्यात टायमरवर सलग दहा फोटो काढायची सोय आहे, तीही लावली होती. रात्री घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर मोठे केले. माझ्या खांद्याच्या बाजूने भिंतीवरचं कालनिर्णय दिसत होतं. त्यावरच्या तारखा वाचता येत होत्या, तारखांखालची बारीक अक्षरंसुद्धा. आईचा चेहरा मात्र धूसर. डोळा कुठे संपतो आणि चष्म्याची काडी कुठे सुरू होते, कळत नव्हतं. दहाच्या दहा फोटोंत तेच.

दुसऱ्या दिवशी आईला फोटो दाखवला. तिने मोबाइल जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाली, "माझा नंबर वाढला वाटतं रे. डॉक्टरकडे जायला हवं." हे ऐकून जे वाटलं त्यातूनच हा अनुभव लिहितोय. बाकी कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगेन, फोकसबद्दल सविस्तर.

कॅमेरा मागच्या डिसेंबरमध्ये फोर्टच्या बोरा बाजारातून सेकंडहँड घेतला. बॉडी, १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती साधी झूम) आणि ५० एमएम एफ/१.८, सगळं मिळून साडेएकवीस हजार. क्रॉप सेन्सर आहे, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान; बाकी स्पेक्समध्ये शिरत नाही. रंग छान येतात, बॅटरी एका कार्यक्रमाला पुरते, ग्रिप हातात नीट बसते. त्याबद्दल काही तक्रार नाही.

टायमरवर मी एवढा का अडून बसलोय, ते सांगायला हवं. बाबांकडे हॉट शॉट कॅमेरा होता. फिक्स्ड फोकस, रोल भरा आणि बटण दाबा. लेन्स वाइड, छिद्र बारीक, त्यामुळे चार-पाच पावलांपलीकडचं सगळंच बऱ्यापैकी स्पष्ट यायचं. पण आमच्या त्या कॅमेऱ्याला टायमर नव्हता आणि बटण कायम बाबाच दाबायचे. ३६ च्या अख्ख्या रोलमध्ये बाबा एकाही फोटोत नसत. ते गेले तेव्हा भिंतीवर लावायला धड फोटो सापडेना, शेवटी पासपोर्ट साइजचा मोठा करून घेतला. म्हणून आमच्या घरात फोटो काढणारा फोटोत असलाच पाहिजे. मी कॅमेरा घेतला तो त्यासाठीच.

जूनच्या त्या प्रकारानंतर माझी खात्रीच पटली की लेन्समध्ये दोष आहे. सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "कॅलिब्रेशन करावं लागेल, आधी तपासणी." तपासणीचे पाचशे आणि जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. आठ दिवस कॅमेरा तिथेच. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "प्रोसेसमध्ये आहे." शेवटी परत मिळाला तेव्हा कागदावर एकच ओळ होती: दोष आढळला नाही. मी तिथेच भांडलो. मोबाइलवर फोटो उघडून दाखवला, कॅलेंडर बघा, आई बघा. तो म्हणाला, "सर, लेन्स ओके आहे." ५९० रुपये परत मिळाले नाहीत. घरी येताना लोकलमध्ये डोकं तापलेलं होतं.

त्याच रविवारी स्वतः तपासलं. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, कॅमेरा तिरका धरला आणि मधल्या एका मथळ्यावर फोकस केला. बरोबर तोच मथळा स्पष्ट. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. लेन्स खरंच ठीक होती. सर्व्हिस सेंटरवरचा माझा राग निम्मा इथे उतरला. उरलेला निम्मा अजून आहे, कारण "टायमर लावताना तुम्ही काय करता" एवढं एक वाक्य विचारलं असतं तर माझे आठ दिवस आणि ५९० रुपये वाचले असते.

ते विचारलं माझ्या मुलीने. मी घरी सराव करत होतो, ती सोफ्यावर बसून बघत होती. म्हणाली, "बाबा, तो टिट आवाज तू पळायच्या आधीच येतो."

तीच गोष्ट आहे. बटण अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस करतो, टिट वाजतो आणि फोकस तिथेच कुलूपबंद होतो. त्यानंतर दहा सेकंद मोजतो. दहा सेकंदांनी समोर कोण येऊन उभं राहिलंय याची त्याला पर्वा नसते, तो पुन्हा फोकस करत नाही. सलग दहा फोटो लावले तरी पहिल्याचाच फोकस दहाही फोटोंना. आता जूनची खोली आठवा. मी कॅमेऱ्यामागे, म्हणजे आईच्या मागची माझी जागा रिकामी. फोकसचा मधला ठिपका नेमका त्या फटीतून भिंतीवर गेला. तिथे कालनिर्णय. पांढऱ्यावर काळी अक्षरं म्हणजे ऑटोफोकसला हवाच असतो असा कॉन्ट्रास्ट. आई उंबऱ्यापासून ११ फुटांवर, भिंत त्याच्याही साडेतीन फूट मागे. आणि मी लेन्स पूर्ण उघडी, एफ/१.८ वर ठेवलेली, कारण खोलीत उजेड कमी.

एफ/१.८ चं प्रकरण मला फार उशिरा कळलं. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं. ५० एमएमला क्रॉप सेन्सरवर ११ फुटांवर फोकस केला तर स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण फूटभर खोल असतो. दोन रांगांचा फोटो त्यात बसूच शकत नाही. पुढची रांग धरली तर मागची सुटते. तेच एफ/५.६ केलं की पट्टा तीन फुटांच्या वर जातो: पुढच्या माणसावर फोकस धरला की त्याच्या पुढे दीड फूट, मागे जवळपास दोन फूट. म्हणून फोकस नेहमी पुढच्या रांगेवर धरायचा. मात्र प्रकाश जवळपास दहापट कमी मिळतो, त्याची किंमत आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवून मोजावी लागते. ४०० वरून ३२०० वर गेलो, फोटोत दाणे आले. मला दाणे चालतात. आई ओळखू आली पाहिजे.

ऑगस्टपर्यंत माझी पद्धत ठरली होती. खुर्च्या लावायच्या, खुर्च्यांच्या पायांपाशी फरशीवर खडूने खूण करायची. आईला बसवायचं. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, तिच्या चष्म्याची कड दहापट मोठी करून फोकस करायचा आणि मग लेन्सवरचं बटण एएफवरून (ऑटोफोकस) एमएफवर (हाताने फोकस) सरकवायचं. बस्स. आता शटर कितीही वेळा दाबा, फोकस हलत नाही. फोकस रिंगला मी चिकटपट्टीचा तुकडाही लावतो, कारण घाईत हात लागतोच. आपली जागा रिकामी असली तरी काही बिघडत नाही.

गणपतीत मात्र वेगळी अडचण आली. मखर, पाट, समया यांनी निम्मी खोली व्यापलेली, ५० एमएममध्ये आम्ही सहाजण मावेनात. तेव्हा जिच्याकडे मी तोवर ढुंकून पाहिलं नव्हतं ती किट लेन्स काढली. २४ एमएम, एफ/५.६, सात फुटांवर फोकस. अशात साधारण पाच फुटांपासून अकरा फुटांपर्यंत सगळं स्पष्ट येतं. गणपती, आई, मागे उभा असलेला भाऊ, सगळे. कडेला उभ्या असलेल्या वहिनीचा चेहरा जरा रुंद आला, तेवढं सांभाळून कडेला जागा सोडायची. किट लेन्सबद्दल मी आधी जे काही बोललो असेन ते मागे घेतो. छोट्या खोल्यांत, टायमरवर, कुटुंबाचा फोटो काढायचा असेल तर मुंबईत तीच उपयोगाची.

मोबाइलच्या अॅपवरूनही करून पाहिलं. वायफायने जोडलं की मोबाइलवर दृश्य दिसतं, चेहऱ्यावर बोट टेकलं की तिथे फोकस. ऐकायला उत्तम आहे. पण जोडणी मध्येच तुटते, बॅटरी भराभर उतरते आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या हातातल्या मोबाइलकडे वळतात. दोनदा वापरलं, सोडून दिलं. साडेतीनशेचा इन्फ्रारेड रिमोट त्यापेक्षा बरा. रिमोट मुलीच्या हातात, दोन सेकंदांचा उशीर लावलेला, तेवढ्यात ती हात मागे घेते. धावपळ संपली, आणि धावत येऊन उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा जसा येतो तसा माझाही येत नाही आता.

एक लक्षात ठेवा, धूसर फोटो दरवेळी फोकसमुळेच असतो असं नाही. मागचं काहीतरी स्पष्ट असेल तर फोकस चुकला. कपाट, भिंत, खुर्ची सगळं स्पष्ट आणि फक्त लहान मूल पुसट असेल तर ते हललंय, शटर १/१२५ सेकंद करा. आणि टायमर लावताना कॅमेऱ्यामागचं डोळा लावून बघायचं छिद्र झाका. डोळा तिथे नसला की मागून उजेड शिरतो, प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि फोटो काळपट येतो. कॅमेरा गळ्यात अडकवायच्या पट्ट्याला रबराचा तुकडा असतो तो त्याचसाठी. माझा हरवला, मी रुमाल टाकतो.

पावसाळ्याबद्दल एकच सांगतो: लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलसकट. बोरा बाजारात मला बुरशी आलेल्या दोन लेन्स आधी दाखवल्या होत्या, त्यामुळे टॉर्च मारून आत बघितल्याशिवाय काही घेऊ नका.

दिवाळी पाडव्याला सकाळी पुन्हा लालबागला गेलो. गॅलरीतून येणारा उजेड, ५० एमएम, एफ/५.६, एमएफवर, रिमोट मुलीकडे. एकूण चार फोटो काढले. तिसऱ्यात आईच्या चष्म्याच्या काचेत दाराची उजेडाची चौकट दिसते, इतका तो स्पष्ट आहे. मागचं कालनिर्णय किंचित मऊ झालंय. आईने मोबाइल हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि विचारलं, "हा मोठा करून मिळेल का?" बारा बाय अठराची प्रत छापायला दिली आहे.

घ्यावा का? हो. नवा मिररलेस (आतला आरसा नसलेला) कॅमेरा डोळे ओळखून फोकस करतो म्हणतात, पण त्याच्या किमतीत माझे असे तीन कॅमेरे येतील आणि आमच्या घरात वर्षाला मोठे फोटो चारच निघतात. टायमरमध्ये फोकस शेवटच्या क्षणी घ्यायची सोय कंपनीने द्यायला हवी होती, या मतावर मी ठाम आहे आणि त्यासाठी एक तारा कापतोय. रिमोट घेताना मात्र दुकानातच कॅमेऱ्याला दाखवून बघा. मला पहिल्यांदा दुसऱ्याच कंपनीचा दिला आणि तो बदलायला पुन्हा फोर्ट गाठावं लागलं.