पेढे कधी वाटायचे? कायद्याची पीएचडी: ब्रिटन आणि नेदरलँड्स

एलएलएम झालं, नेट निघाली, आता बाहेर जाऊन पीएचडी करायची. पण वडिलांचा पीएफ मोडायचा नाही. अशा बेतात असलेली मुलं-मुली अधूनमधून मला फोन करतात आणि दहा मिनिटांत गाडी एकाच प्रश्नावर येते: ब्रिटन की नेदरलँड्स? मी दोन्हीकडे अर्ज केले होते. ब्रिटनचा प्रवेश मिळूनही गेलो नाही, आणि नेदरलँड्समध्ये चार वर्षं राहून आलो. तेव्हा माझा काटा कुठे झुकणार ते उघड आहे. तेवढं गृहीत धरून वाचा.

अमेरिकेचं आधी उरकतो. कायद्यातली तिथली डॉक्टरेट म्हणजे एसजेडी किंवा जेएसडी. बरीच विद्यापीठं ती आपल्याच एलएलएमच्या विद्यार्थ्यांना देतात, आणि त्या एलएलएमची फी ऐकूनच माणूस खाली बसतो. अर्थशास्त्राचं नेमकं उलट. तिथे अमेरिकाच बघावी असं माझं मत आहे: एमए नसलं तरी चालतं, फी माफ, वर स्टायपेंड, पाच-सहा वर्षं. पहिलं वर्ष मायक्रो, मॅक्रो आणि इकॉनोमेट्रिक्समध्ये घासून निघतं, शेवटी परीक्षा असते आणि तिच्यात गळणारेही असतात. पण अर्थशास्त्रवाल्यांना हे माहीत असतंच. कायदा आणि अर्थशास्त्र दोन्ही हवं असेल, तर बोलोन्या, हॅम्बुर्ग आणि रॉटरडॅम या विद्यापीठांचा संयुक्त डॉक्टरेट कार्यक्रम जरूर पाहा. खाली जे लिहिलंय ते निव्वळ कायदेवाल्यांसाठी.

ब्रिटनची मोठी बाजू अशी, की विषय तुमचा असतो. तुम्ही प्रपोजल लिहिता, ते वाचून कोणीतरी गाईड व्हायला तयार होतं, आणि पुढची तीन-चार वर्षं तुम्ही तुमच्याच प्रश्नाशी झटता. आपला कायदाही त्याच मुशीतला. करार, टॉर्ट (म्हणजे नुकसानभरपाईचा दिवाणी कायदा), न्यायालयीन पुनर्विलोकन काहीही काढा, निम्मे संदर्भ तिकडचे निघतात. भारतीय राज्यघटनेवर किंवा हिंदू कायद्यावर काम करायचं असेल, तर लंडनच्या सोआसमध्ये, म्हणजे आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाला वाहिलेल्या विद्यापीठात, विषय पहिल्यापासून समजावून सांगावा लागत नाही. नेदरलँड्समध्ये तो सांगावा लागतो, तोही दर सेमिनारला. शिवाय आपल्याकडच्या मुलाखतीत ‘ऑक्सफर्ड’ म्हटल्यावर समोरचे चेहरे जसे बदलतात, तसे ‘उट्रेख्त’ म्हटल्यावर बदलत नाहीत. कागदावर मात्र फार फरक नाही. जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या 500 विद्यापीठांपैकी एकाची पीएचडी असेल, तर सहायक प्राध्यापकपदासाठी ती चालते, असं यूजीसीचे 2018चे नियम सांगतात.

मग मी गेलो का नाही?

कारण तिथे प्रवेशाचं पत्र वेगळं आणि पैशाचं पत्र वेगळं. सांगायला क्षुल्लक वाटतं. मी जानेवारीत अर्ज केला, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफर लेटर आलं. आईने त्याच संध्याकाळी पेढे वाटले, अख्ख्या सोसायटीत, तिन्ही विंगमध्ये. पत्रात एक ओळ होती, की शिष्यवृत्तीचा निर्णय स्वतंत्रपणे कळवण्यात येईल. ती मी वाचली होती. आईला सांगितली नव्हती. एप्रिलमध्ये कळलं की मी शिष्यवृत्तीच्या प्रतीक्षा यादीत आहे. मे गेला. जूनमध्ये लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण विचारायला लागला, ‘काय, कधी निघणार?’ मी लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागलो, चौथ्या मजल्यावर. जुलैच्या अखेरीस पैशाचं पत्र आलं: फी मिळेल, पण स्थानिक विद्यार्थ्याला लागते तेवढीच. वरची तुमची तुम्ही बघा.

हा ‘स्थानिक फी’चा काटा नीट समजून घ्या. तिकडच्या सरकारी संशोधन निधीतून म्हणजे यूकेआरआयकडून 2025-26 साठी धरलेली स्थानिक फी वर्षाला 5,006 पौंड आहे. परदेशी विद्यार्थ्याची फी कायद्यातही तिच्या चौपटीच्या घरात सहज जाते. यूकेआरआयच्या जागांवर हा फरक विद्यापीठाने सोसायचा असतो. परदेशी विद्यार्थ्यांना तिथे एकूण जागांच्या 30 टक्क्यांची मर्यादाही आहे. विद्यापीठाच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीत मात्र बारीक अक्षरांत काय लिहिलंय त्यावर सगळं अवलंबून. तेव्हा ‘फुल्ली फंडेड’ शब्द दिसला, की ‘कोणाची फी?’ हा प्रश्न लेखी विचारा. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचा आरोग्य अधिभारही आहेच: विद्यार्थ्यांना वर्षाला 776 पौंड, आणि तो व्हिसाच्या अर्जाबरोबर सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा. म्हणजे पहिला स्टायपेंड हातात पडायच्या आधीच.

पैसे आधी संपणं आणि प्रबंध मागे राहणं ही आपल्याकडे जुनीच गोष्ट. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना 1917 साली लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे साठवून आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते 1920 मध्ये पुन्हा गेले, डी.एससी. 1923 मध्ये हाती पडली. आज अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ती ज्यांना मिळते त्यांना माझं रडगाणं फारसं लागू नाही. फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही त्यातून मिळतात. त्यांनी खुशाल ब्रिटनला जावं.

नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुतेक वेळा नोकरी असते. जाहिरात निघते, तुम्ही अर्ज करता, मुलाखत होते, आणि मग एकच पत्र येतं. त्यातच पगाराची श्रेणी, रजा आणि पेन्शनची कपात. माझी जाहिरात ऑगस्टमध्ये निघाली, सप्टेंबरमध्ये ऑनलाइन मुलाखत झाली, ऑक्टोबरात करारपत्र. विद्यापीठांच्या सामूहिक वेतन करारानुसार पगार सध्या महिना 3,000 युरोंच्या आसपास सुरू होतो आणि चौथ्या वर्षी 3,900च्या जवळ जातो. यातून कर कापला जातो, आरोग्य विमा तुमचा तुम्ही काढायचा. पण मे महिन्यात वर्षाच्या पगाराच्या 8 टक्के सुट्टीभत्ता येतो आणि वर्षअखेरीला आणखी 8.3 टक्के. तुलनेला सांगतो, यूकेआरआयचा किमान स्टायपेंड 2025-26 साठी वर्षाला 20,780 पौंड आहे, करमुक्त. हिशेब मांडला तर तफावत वाटते तेवढी मोठी नाही. लंडनबाहेर राहिलात तर आणखी कमी. मला फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. बँकेत, घरमालकाकडे, व्हिसाच्या कागदांत मी ‘विद्यार्थी’ नव्हतो, कर्मचारी होतो. पे स्लिप पुढे केली की पुढचा प्रश्न येत नसे.

किंमत मोजावी लागते ती विषयात. प्रकल्प प्राध्यापकाचा, निधी त्याने आणलेला, प्रश्नही बराचसा त्याने ठरवलेला. मला स्पर्धा कायद्यात, म्हणजे कंपन्यांच्या मक्तेदारीला आळा घालणाऱ्या कायद्यात, एक गोष्ट करायची होती, केली दुसरीच, शेजारची. वाईट नाही झाली. पण माझी होती असं म्हणताना आजही जीभ जरा अडखळते. करारही आधी साधारण वर्ष-दीड वर्षाचाच असतो. तेवढ्यात काम पटलं तर पुढची मुदत मिळते. त्या काळात झोप नीट लागत नाही.

प्रबंधाच्या शेवटाबाबत मात्र मी उघड पक्षपाती आहे. ब्रिटनमधला व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, बंद खोलीत, दोन परीक्षकांसमोर. डच विद्यापीठात तो सगळ्यांसमोर होतो, झगे घालून, दोन सोबती बाजूला उभे करून. बहुतेक ठिकाणी बरोबर पाऊण तासाने विद्यापीठाच्या दंडधारी बाई किंवा बुवा दार उघडून येतात, ‘होरा एस्ट’ (लॅटिनमध्ये ‘वेळ झाली’) म्हणतात, आणि तुमचं वाक्य अर्धवट असलं तरी प्रश्नोत्तरं संपतात. माझं अर्धवटच राहिलं. आई पहिल्या रांगेत बसली होती. तिला वाटलं वेळ संपली म्हणून मला नापास केलं.

तर, विषय मनात पक्का बसलेला असेल, तो भारतीय कायद्यातला असेल आणि पैसे बाहेरून निश्चित असतील, तर ब्रिटन. मी तुमची समजूत काढत बसणार नाही. विषयाबाबत थोडं इकडे-तिकडे चालत असेल आणि घरच्यांना एकदाच, खात्रीने सांगायचं असेल, तर डच जाहिरातींवर नजर ठेवा. त्या ‘अकॅडेमिक ट्रान्सफर’ या संकेतस्थळावर वर्षभर येत असतात, डिसेंबर-जानेवारीची वाट बघावी लागत नाही. फक्त करारपत्र आलं, की त्याच दिवशी खोली शोधायला लागा. खोल्या मिळत नाहीत, पत्त्याशिवाय नगरपालिकेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीतून मिळणारा नागरी क्रमांक पगारापासून विम्यापर्यंत सगळीकडे मागतात. मी पहिले सात आठवडे एका सोलापूरकर दाम्पत्याच्या हॉलमध्ये सोफ्यावर काढले.