दिवाळीत गुलमंडीला जायचंय: कार, दुचाकी की एसटी?

दिवाळीची खरेदी संभाजीनगरलाच करायची ठरली की आमच्या जालन्याच्या घरात पहिला वाद कशाने जायचं यावरून होतो. मी तिन्ही प्रकारे जाऊन आलोय, म्हणून सांगतो.

पैठण गेट, टिळकपथ, गुलमंडी हा बाजाराचा पट्टा पोलिस सणाच्या दिवसांत वाहनांना बंद करतात. एरवी जिथे दुकानासमोर गाडी लावता तिथे बॅरिकेड येतं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 नुसार महिनाभरापर्यंतच्या बंदीसाठी राजपत्रात छापावं लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून असा आदेश ऐनवेळी पेपरात येतो आणि त्यातले रस्ते, वेळा दर वर्षी त्याच राहतील असं नाही. मागच्या दिवाळीत गाडी कुठे लावली होती, हा हिशेब धरून निघू नका. त्या दिवशीचा पेपर आधी बघा.

कार सगळ्यात सोयीची वाटते, विशेषतः म्हातारी माणसं सोबत असली की. पण ती सोय बॅरिकेडपर्यंतच. आम्ही वडिलांच्या गुडघ्यांसाठी म्हणून कार काढली आणि जागा शोधत औरंगपुऱ्याच्या आसपास तासभर फिरलो. शेवटी इतकी लांब लावली की एसटीने आलो असतो तर त्यांना कमी चालावं लागलं असतं. परत येताना दोन्ही हातांत पिशव्या आणि ते दर पन्नास पावलांवर कुणाच्या तरी ओट्यावर टेकत होते. क्रांती चौकाकडे कुणा नातेवाइकाचं अंगण असेल आणि तिथून रिक्षा करायची तयारी असेल, तरच कार न्या.

दोघंच असाल तर दुचाकी बरी. बाजाराच्या बरीच जवळ जाता येतं. धोका टोइंगचा. माझी एकदा कोपऱ्यावरून उचलली. पळत गेलो तेव्हा पुढचं चाक हवेत लोंबकळत होतं आणि हुकला अडकवलेल्या पिशवीतून पणत्यांचे तुकडे रस्त्यावर सांडत होते. नो पार्किंगचा दंड पहिल्यांदा 500, पुन्हा सापडलात तर 1500, उचलण्याचे पैसे वेगळे. त्या दिवशी भयंकर राग आला होता. पण चूक माझीच होती, हे आता कळतं. 2016 च्या दिवाळीत इथल्याच जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार पेटला, दुकानांसोबत उभी वाहनंही जळाली. मलिक अंबरने 1610 च्या सुमारास वसवलेल्या खडकीचं हे जुनं शहर, गल्ल्या मुळातच अरुंद. कोपऱ्यावर माझ्यासारख्याची गाडी आडवी असली तर अग्निशमनचा बंब आत शिरणार कुठून? म्हणून दुचाकी नेलीत तरी पैसे देऊन पार्किंगमध्येच लावा.

एसटीला आमच्याकडे उगाच नाक मुरडतात. जालन्याहून गाड्या भरपूर आहेत. 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे, बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. म्हणजे वडील फुकट, आई आणि बायको अर्ध्यात. मध्यवर्ती बसस्थानकावरून पैठण गेटला रिक्षा मिळते. रिक्षाही बॅरिकेडलाच थांबते हे खरं, पण ती अगदी तोंडाशी सोडते आणि साडीच्या दुकानात बसल्यावर गाडीची काळजी नसते. त्रास फक्त संध्याकाळी परतताना होतो, जागेसाठी झुंबड असते. दुपारी चारच्या आत बस धरली तर म्हाताऱ्या माणसांना बसायला मिळतं.

घरात कुणी साठी ओलांडलेलं सोबत असेल, तर मी डोळे झाकून एसटी म्हणेन. यंदा आम्ही वसुबारसेला सकाळच्या गाडीने निघतोय. पणत्या मात्र आता जालन्यातच घेतो.