लेथवरची टेपर अटॅचमेंट : आठ महिने वापरल्यानंतर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन साधे लेथ, संगणकावर चालणारं सीएनसी नाही. ईएन-८ (मध्यम कार्बन) स्टीलच्या टेपर, म्हणजे एका टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या, मँड्रेल-दांड्यांचं काम मिळालं : एकूण लांबी ३८० मिमी, त्यातल्या ३४० मिमीत व्यास १६ वरून १० वर उतरतो. कंपाउंड स्लाइडची (टूल तिरकं चालवता येणाऱ्या छोट्या स्लाइडची) चाल एवढ्या लांबीला पुरत नाही, म्हणून सुरुवातीला टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग) ३.३५ मिमी आडवा सरकवून केलं. टेपर निघायचा, पण सेंटर (जॉबला आधार देणारं टोकदार अंग) तिरकं बसून जॉबच्या टोकाचं भोक खराब व्हायचं. जॉब २ मिमीने लांब-आखूड झाला की टेपरमध्ये ३० मायक्रॉनचा फरक पडायचा. पुन्हा सरळ काम आलं की टेलस्टॉक लाइनीत आणत बसा.

शेवटी जुनी टेपर अटॅचमेंट घेतली. लेथच्या मागे कोनात लावलेल्या पट्टीवरून एक ब्लॉक सरकतो आणि टूलला तसंच तिरकं नेतो. विकणाऱ्याने ‘रेडी’ म्हणून दिली, पण सरकता ब्लॉक ढिला होता. ढिलाई काढणारी गिब (पातळ पाचर-पट्टी) आम्हीच बसवली.

सेटिंगला पट्टीवरच्या अंशांच्या खुणांवर अजिबात विसंबू नका. आमचा अर्धकोन जेमतेम अर्धा अंश. त्यात ०.०५ अंश चुकला तरी ३४० मिमीवर व्यासात ०.६ मिमी जातात. सेंटरमध्ये सरळ घासलेली बार धरून टूलपोस्टला (टूल धरणाऱ्या भागाला) डायल गेज लावायचा; सॅडल (टूल घेऊन लांबीत चालणारा भाग) १०० मिमी चालली की काटा ०.८८ दाखवायला हवा. पहिल्या दिवशी याला दोन तास लागले, आता वीस मिनिटं पुरतात.

आमची अटॅचमेंट साधी, त्यामुळे क्रॉस स्लाइडचा (टूल आडवं आत-बाहेर नेणाऱ्या स्लाइडचा) स्क्रू सोडावा लागतो आणि कट कंपाउंड आडवी फिरवून द्यावा लागतो. लॅश (जोडांमधली ढिली चाल) निघावी म्हणून टूल जॉबच्या १५ मिमी अलीकडून सुरू करायचं. तिथे नेहमीच्या रिव्हॉल्व्हिंग (जॉबसोबत फिरणाऱ्या) सेंटरचं जाड अंग आडवं येतं. लांब नाकाचं सेंटर त्याच वेळी घ्या, आम्ही महिनाभर उगाच झगडलो.

कोन जुळला तरी पातळ जॉब मध्ये दबतोच. व्यास निम्मा झाला तर ताठपणा सोळाव्या भागावर येतो. आमच्या पहिल्या लॉटला मधोमध ०.१२ मिमी पोट (फुगवटा) होतं. ट्रॅव्हलिंग स्टेडी (टूलसोबत चालणारा, जॉबला टेकणारा आधार) लावून पाहिली, पण टेपरवर व्यास बदलत जातो आणि तिचे जबडे जागेवरच राहतात. म्हणून आता स्टेडी लावून सरळ पायऱ्यांमध्ये रफिंग करतो, मग ती काढून टेपर. फिनिशिंगला ०.२ मिमी नोज रेडियसचं (टोकाच्या गोलाईचं) धारदार इन्सर्ट, म्हणजे टूलचं बदलता येणारं पातं, आणि ०.३ मिमीचा कट. कट रेडियसपेक्षा कमी घेतला तर टूल जॉबला कापण्याऐवजी ढकलतं, हे आमचे नाना सुरुवातीपासून सांगत होते. त्यांचं ऐकल्यावर पोट ०.०४ वर आलं.

उष्णतेचा विचार मात्र आम्ही उशिरा केला. ३८० मिमीची दांडी ४० अंशांनी तापली की ०.१७ मिमी वाढते. टेलस्टॉक घट्ट असेल तर ती वाढ जॉबला वाकवते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारचे जॉब सकाळच्यांशी जुळेनात ते यामुळेच. आता कूलंट सतत चालू असतो, प्रत्येक पासनंतर सेंटर किंचित सैल करून पुन्हा टेकवतो आणि माप जॉब निवल्यावरच घेतो.

महिन्याला पाच-दहा टेपर करणाऱ्याला टेलस्टॉक सरकवणं पुरेल. आमच्यासारखे लॉट असतील तर अटॅचमेंट जरूर घ्या, फक्त घेण्याआधी ब्लॉक हाताने हलवून ढिलाई बघा. पावसाळ्यात पट्टीवर गंज धरतो. रोज संध्याकाळी पुसून तेल लावतो.